दवाखान्याचा रस्ता नापास

आमच्या ओव्हरसियरांना माझा चेहरा ओळखू यायला वर्ष-दीड वर्ष लागलं. माझ्या चपला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखून ठेवल्या.

मी नर्सचं शिक्षण संपवून नगरपालिकेच्या दवाखान्यात रुजू व्हायला आले होते. पत्र्याची पेटी पायाशी ठेवून कचेरीच्या ओसरीवर उभी होते. समोरून एक गृहस्थ आले. धोतर, त्यावर खाकी कोट, डोक्यावर उन्हाची जाड टोपी आणि मान इतकी खाली की टोपीच्या काठाखालून फक्त मिशीची टोकं दिसत होती. माझ्याजवळ येऊन ते थबकले आणि माझ्या पायांशी बोलू लागले.

"डाव्या पायावर जोर टाकता, बाई. टाच पाहा कशी घासून गेली. कुठून आल्या?"

"वर्ध्याहून."

"मंग बराबर. तिथचे रस्ते एकीकडं ढळले हायेत. मानूस कलूनच चालते."

एवढं बोलून ते निघून गेले. मी आतल्या कारकुनाला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, "ते आमचे ओव्हरसियर. वाईट वाटून घेऊ नका, बाई. ते मानसाईकडं पाह्यतच नाई. जमिनीकडं पाह्यते."

गावाचं नाव मी सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून तिथे आहेत. चांदा जिल्ह्यातलं गाव. त्या काळी गडचिरोली, आरमोरी, सिरोंचा हे सगळं चांद्यातच मोडायचं. गावाच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि मधे आमची नगरपालिका. आधी आम्ही मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो. कचेरीवरची पाटी बदलली, कागदांवरचे शिक्के बदलले. ओव्हरसियर म्हणाले, "राज्य बदललं, बाई, पन खड्डे तेच राह्यले. त्याईले कोनी कळवलंच नाई."

गावातले रस्ते बांधणं, दुरुस्त करणं हे त्यांचं काम. पण त्यांचा खरा जीव होता रस्ते मोजण्यात. लांबी-रुंदी कोणीही मोजेल. हे रस्त्याची तब्येत मोजत. त्यासाठी त्यांच्याकडे एक दहा फुटी पट्टी होती. आलापल्लीच्या सागाची, रंधा मारून आरशासारखी गुळगुळीत केलेली. तिला ते 'पट्टराणी' म्हणत. सकाळी पट्टराणीचं एक टोक त्यांच्या खांद्यावर आणि दुसरं नगरपालिकेच्या म्हाताऱ्या शिपायाच्या खांद्यावर, अशी वरात गावातून निघायची. पट्टी रस्त्यावर आडवी ठेवायची, मग उभी ठेवायची. पट्टी आणि रस्ता यांच्यात जिथे फट दिसेल तिथे लाकडी पाचर सरकवायची. पाचर जितकी आत जाईल तितका रस्ता आजारी. मग ओव्हरसियर चपला काढून त्या जागेवर अनवाणी उभे राहत आणि डोळे मिटत. वैद्य नाडी बघतो तसे.

"रस्त्याले चार रोग असते, बाई," ते मला सांगत. दवाखान्याची माणसं म्हणून आम्हाला त्यातलं कळेल अशी त्यांची खात्री होती. "भेगा पडनं, खचनं, गिट्टी उसवनं आन् काठ तुटनं."

"बस, चारच?"

"पाचवा रोग मेंबर. पन त्याले औषध नाई."

भर पावसात गाव घरात बसलेलं असताना ते छत्री घेऊन बाहेर पडत. कुठे पाणी साचतं ते बघायला. गुडघाभर चिखलात उभं राहून छत्रीच्या टोकाने डबकी ढोसत. "पानी उभं राह्यलं का रस्ता आडवा झालाच समजा," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्याच पुतणीच्या लग्नात नवरदेवाची दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, वाजतगाजत मांडवाकडे येत होती. हे मधे जाऊन उभे राहिले. आदल्या दिवशी तिथे नवीन मुरूम टाकला होता आणि तो अजून बसला नव्हता. वरात त्यांनी मागल्या गल्लीने वळवली. मुहूर्त टळतो की काय म्हणून भटजी ओरडत होते, व्याही रुसले होते, आणि हे मुरमावर पाणी शिंपडत होते.

त्यांच्या बायकोची जीभ त्यांच्या पाचरीपेक्षा धारदार होती. मी घरी गेले की चहा देताना त्या म्हणायच्या, "माह्यासंग फेरे घेतले, बाई, तवाही खालीच पाहून राह्यले होते. मले वाटलं लाजून राह्यले. नंतर समजलं, मांडवातली जमीन कुठी खचली ते पाहून राह्यले होते." आणि कोपऱ्यातल्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "आन् हे माह्यी सवत. हिले रोज तेल लागते. मले सनावारी."

बऱ्याच वर्षांनी माझं लग्न झालं तेव्हा ते वर्ध्याला आले होते. जेवण झाल्यावर सासरच्या गल्लीत एक फेरी मारून आले आणि मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "सासर काठावर पास हाये, बाई. सांभाळून पाय टाकजा."

हे पास-नापास त्यांनीच गावात रुजवलेलं होतं. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते सगळ्या रस्त्यांची परीक्षा घेत आणि निकाल रस्त्यावरच लिहीत. चुन्याचा डबा आणि कुंचा घेऊन, हातभर मोठ्या अक्षरांत. पास. काठावर पास. नापास. ज्या मेंबराच्या दारापुढे 'नापास' उमटायचं त्याला महिनाभर कटिंगच्या दुकानात बसणं मुश्कील व्हायचं. एका मेंबराचा मुलगा मॅट्रिकला गचकला त्याच साली त्यांच्या दारचा रस्ताही गचकला. "एका घरात दोन नापास" असं लोक म्हणू लागले, तेव्हा ते मेंबर लाठी घेऊन ओव्हरसियरांच्या अंगावर धावून गेले होते. ओव्हरसियर त्यांच्या लाठीकडे बघत म्हणाले, "जरा सरळ धरा. पट्टी म्हनून चालते का पाह्यतो."

अध्यक्ष मात्र हे सगळं चालू द्यायचे. अध्यक्ष म्हणजे जुने मालगुजार, सगळ्या गावाचे 'भाऊ'. मालगुजारी गेली तरी रुबाब गेला नव्हता. आडवा बांधा, मोठं पोट, सदऱ्याला सोन्याची बटणं आणि गडगडाटी हसू. त्यांची धानाची मिल होती. "आमचा ओव्हरसियर येडा हाये," ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "पन कामाचा येडा हाये."

दरवर्षी एक रस्ता न चुकता नापास व्हायचा. नाक्यापासून दवाखान्यापर्यंतचा. त्या रस्त्यावर एकही मेंबर राहत नव्हता. एका बाजूला लाकडाचा डेपो, पुढे कोंडवाडा, आणि शेवटी आम्ही. जंगलातून सागाचे ओंडके घेऊन येणाऱ्या गाड्यांच्या लोखंडी धावांनी त्याला खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. दरवर्षी ओव्हरसियर तिथे 'नापास' लिहीत, दरवर्षी ओंडक्यांच्या गाड्या ते पुसून टाकत. ज्याला वाचून लाज वाटेल असं तिथे कोणीच नव्हतं. त्या साली गिट्टी आणि डांबर एकाच रस्त्यापुरतं मंजूर झालं होतं, आणि सभेत ठरलं होतं की ते मिलच्या रस्त्याला लावायचं. अध्यक्षांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. धान आलं तर गाव चालतं.

धानकापणी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी दवाखान्याच्या फाटकात एक बैलगाडी येऊन थांबली. जंगलातल्या एका लहानशा गोंड वस्तीवरून आलेली. गाडीत तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, एक बाळंतीण होऊ घातलेली पोर आडवी होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हातारी सासू बसली होती, आणि गाडी हाकत होता पोरीचा सख्खा भाऊ. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि खालचं तणस लाल झालं होतं.

डॉक्टर चांद्याला गेलेले. मी आणि आमची दाई, दोघीच. त्या सकाळी आम्ही काय काय केलं ते सांगत बसत नाही. मूल बाहेर आलं तेव्हा निळं होतं आणि रडत नव्हतं. मी त्याचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, त्याच्या इवल्या तोंडावर तोंड ठेवून हलके फुंकर घातली. सासू भिंतीला टेकून गोंडीत काही पुटपुटत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्या निळ्या गाठोड्याने एकदम अंग ताणलं आणि असा टाहो फोडला की बाहेरचे बैलसुद्धा दचकले असतील. दाई हसायलाच लागली. पण पोरीचं रक्त थांबत नव्हतं. तिच्या पोटावर हात दाबून मी उभी राहिले. दुपार होता होता रक्त थांबलं आणि तिच्या ओठांना रंग आला. तिने मूल मागितलं तेव्हा मी बाहेर आले.

अंगणात तिचा भाऊ बैलांजवळ उकिडवा बसला होता. त्याच्यासमोर आमचे ओव्हरसियर उभे होते. गाडीचं चाक वाकडं का चालतंय ते बघायला आले होते म्हणे. मी सांगितलं, दोघंही वाचले. भावाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जरा वेळाने हात काढून तो म्हणाला,

"बाई, जंगलातून आनली मी तिले. नाल्यातून आनली, गोट्याईवरून आनली. हूं म्हनून नाई केलं तिनं. तुमच्या गावात शिरलो आन् मरायले लागली."

ओव्हरसियरांनी मान वर केली. माणसाच्या तोंडाकडे असं सरळ बघताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"कुठी ओरडली?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कुठी कुठी ओरडली तुही बहीन? मले दाखव. चाल."

भावाच्या कपाळावर आठी चढली. थट्टा वाटली असावी त्याला. पण मग त्याने ओव्हरसियरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठला. पोरगी झोपली होती, दाई तिच्याजवळ होती. मीही त्यांच्या मागे निघाले.

नाक्यापासून सुरुवात केली. ओव्हरसियरांच्या हातात चुन्याचा डबा होता. पट्टराणी त्या दिवशी कोपऱ्यातच राहिली.

"इथी ओरडली," भाऊ म्हणाला. ओव्हरसियरांनी खाली बसून तिथे चुन्याने एक वर्तुळ काढलं.

"इथी सासूचा हात चावला." दुसरं वर्तुळ.

"इथी मले म्हने, दादा, गाडी थांबव, मी पायी येतो." तिसरं.

डेपोच्या फाटकापाशी एक मोठी चाकोरी होती, तिथे त्याचे पाय थांबले. ओव्हरसियर कुंचा बुडवून वाट बघत होते.

"इथी नाई ओरडली," तो म्हणाला. "इथी चाक पडलं, गाडी कलली, ते फळीवर आदळली आन् चूप झाली. मंग मी भेलो."

ओव्हरसियर खाली बसले. मग त्यांनी तिथे सगळ्यात मोठं वर्तुळ काढलं, रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत. उठताना त्यांना माझा हात धरावा लागला.

"बाई," ते म्हणाले, "इतके वर्ष मी रस्त्यालेच विचारत होतो, का बावा तुले काय होते. वरून जानाऱ्याले कधी विचारलंच नाई."

दिवस मावळायच्या आत सगळं गाव ती वर्तुळं बघून गेलं. बायका मोठ्या वर्तुळाच्या कडेने, त्यात पाय न टाकता चालत होत्या. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पखालवाल्याला पाठवलं, वर्तुळं धुऊन टाक म्हणून. ओव्हरसियर मोठ्या वर्तुळात जाऊन उभे राहिले.

"खुशाल धू. पन आधी अध्यक्षभाऊले माहा निरोप सांग. म्हनाव, एकदा या रस्त्यानं आडवं होऊन जा, मंग धुवायले सांगा."

निरोप पोचला. सभा भरली. मला साक्षीला बोलावलं होतं, म्हणून मी दारापाशी उभी होते. अध्यक्ष रागावलेले कमी आणि दुखावलेले जास्त दिसत होते.

"ओव्हरसियर, मी काय परका हाये? काल सोता जाऊन पाह्यलं. रस्ता लय चांगला नाई, पन बरा हाये."

"उभ्यानं बराच दिसते, भाऊ. दवाखान्यात मानूस आडवा येते."

कोणीतरी मागे खुदकन हसलं. अध्यक्षांचे कान तांबडे झाले.

"मंग काय, मी आडवा होऊ?"

"हाव. त्याच गाडीत, त्याच तनसावर. पोटावर पान्यानं भरलेली घागर. नाका ते दवाखाना. अर्धी घागर जरी शिल्लक राह्यली, तं मी नोकरी सोडतो आन् माह्यी पट्टी तुमच्या मिलच्या भट्टीत घालतो."

"आन् सांडली तं?"

"तं रोलर पह्यले तिकडं जाईन."

सगळे मेंबर अध्यक्षांकडे बघत होते. या माणसाने जन्मात कुणाची पैज नाकारली नव्हती, हे गावातली लहान पोरंसुद्धा जाणून होती.

"आन गाडी," अध्यक्ष म्हणाले.

संध्याकाळी मी ओव्हरसियरांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या बायको चुलीपुढे बसून बोलत होत्या. "नोकरी गेली तं काय खाऊ? खड्डे?" हे खाली मान घालून जेवत होते. जेवण झाल्यावर बाईंनी स्वतःची पितळी घागर काढली, चिंचेने घासून लख्ख केली आणि त्यांच्यापुढे आदळली. "माह्यी न्या. पोचा आला तं भाऊकडून नवीन घेईन."

दुसरा दिवस बाजाराचा होता. गोंडपिपरीकडून आलेले व्यापारी, डेपोतले मजूर, बोरांच्या टोपल्या घेऊन आलेल्या बाया, सगळे नाक्यापासून दुतर्फा उभे. अध्यक्ष आले. पगडी काढून त्यांनी एका मेंबराकडे दिली आणि हसत हसत तणसावर आडवे झाले. ओव्हरसियरांच्या बायकोने स्वतः विहिरीवरून घागर भरून आणली आणि त्यांच्या पोटावर ठेवली. "धरा भाऊ, घट्ट."

गाडीवर बसला तोच भाऊ. ओव्हरसियर त्याला म्हणाले, "मुद्दाम आदळू नको. धीरे बी हाकू नको."

"बहिनीले आनली तसाच हाकीन," तो म्हणाला.

गाडी निघाली. पहिल्या वर्तुळाशी घागरीतलं पाणी काठाशी हिंदकळलं आणि अध्यक्षांच्या हनुवटीवर आलं. लोक ओरडले, "नापास!" अध्यक्षही हसले. दुसऱ्या वर्तुळाशी मिशा भिजल्या. "नापास!" तिसऱ्याला सदरा चिंब झाला आणि त्यांचं डोकं गाडीच्या फळीवर आपटलं. आता ते हसत नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी घागर छातीशी कवटाळली होती, आणि मान उचलून पुढे काय येतंय ते बघायचा प्रयत्न करत होते. आडव्या माणसाला पुढचं काही दिसत नाही.

डेपोच्या फाटकाशी चाक चाकोरीत पडलं. गाडी कलली. घागर हातातून निसटली, फळीवरून घरंगळली आणि खाली रस्त्यावर जाऊन पडली. अध्यक्ष एका कुशीवर आदळले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आई गं!"

लोक ओरडायला तोंड उघडून तसेच गप्प राहिले. भावाने बैल थांबवले.

"उतरता काय, मालक?"

अध्यक्ष तसेच पडून होते. "दवाखाना आला?"

"नाई. बाकी हाये."

"मंग हाक," ते म्हणाले.

उरलेला रस्ता गर्दी गाडीच्या मागून चालत आली. दवाखान्यात पोचल्यावर अध्यक्ष उतरले आणि ओलेचिंब पायरीवर बसले. आत मूल रडत होतं. ते ऐकत राहिले. मग भावाला म्हणाले, "तिनं कसं सोसलं असन रे हे?"

"तिच्या पोटात लेकरू होतं, मालक," भाऊ म्हणाला. "तुमच्या पोटावर पानी होतं."

अध्यक्षांनी मूल बघायला मागितलं. मी म्हटलं, ओल्या कपड्यांनी आत येता येणार नाही. गावच्या अध्यक्षांना असं सांगायला मी घाबरले नाही, याचं मला पुढे फार दिवस नवल वाटलं. मीच मूल दुपट्यात गुंडाळून दारापर्यंत आणलं. त्यांनी हात मागे बांधून, वाकून पाहिलं. त्याचा निळेपणा केव्हाच गेला होता, मुठी आवळून ते तांबडंलाल होऊन ओरडत होतं. अध्यक्ष उभे राहिले आणि मागे न वळताच म्हणाले,

"ओव्हरसियर, रोलर आन."

"आन् मिलचा रस्ता?"

"धानाच्या पोत्याले दुखत नाई."

गर्दीतून जो आवाज उठला तो मी अजून विसरले नाही. डेपोतल्या मजुरांनी ओव्हरसियरांना उचलून खांद्यावर घेतलं. टोपी एकीकडे, चपला एकीकडे. ते वरून हातवारे करत ओरडत होते, "उतरवा! उतरवा मले! वरून रस्ता दिसत नाई!" त्यांच्या बायको घागरीला आलेला पोचा अध्यक्षांपुढे धरून उभ्या होत्या, आणि अध्यक्ष इतके हसत होते की त्यांच्या मिशांतून पाणी उडत होतं.

पोरगी घरी जायला निघाली तोवर काम सुरू झालं होतं, रस्ता उखणून ठेवला होता. गाडी चालणं शक्य नव्हतं. तेव्हा तिची खाट चार जणांनी खांद्यावर घेतली. त्यातले दोघं मेंबर होते. ती मूल छातीशी धरून लाजून हसत होती, आणि ओव्हरसियर पुढे चालत ओरडत होते, "डावीकडं गोटा! उजवीकडून घ्या! जरा जपून, मेंबर, पोरगी हाये, पेटी नोहे!" नाक्यापलीकडे तिचा भाऊ गाडी घेऊन उभा होता. त्याने ओव्हरसियरांना वाकून जोहार केला. ओव्हरसियरांनी त्याला उठवलं आणि गाडीचं चाक एकदा हलवून बघितलं.

पुढचे दिवस ओव्हरसियर माणसात नव्हते. खाली मोठी गिट्टी, वर बारीक गिट्टी, मुरूम, पाणी, रोलर. पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. जेवणाचा डबा त्यांच्या बायको रस्त्यावरच आणून देत आणि ते उभ्या उभ्या जेवत. "मधे उंच, दोन्हीकडं उतार," ते मजुरांना समजावत, "बैलाच्या पाठीवर पानी थांबते काय? तशी पाठ पायजे." अध्यक्ष रोज सकाळी येत. सुरुवातीला खुर्चीवर बसत, मग खुर्ची सोडून पट्टीचं एक टोक धरू लागले. म्हातारा शिपाई मोकळा झाला. डेपोच्या ठेकेदाराने ओंडक्यांच्या गाड्या मागल्या वाटेने न्यायचं कबूल केलं, कारण अध्यक्षांनी त्यालाही एकदा गाडीत आडवं व्हायचं आमंत्रण दिलं होतं.

वर डांबर चढलं. काळाभोर, उन्हात चकाकणारा रस्ता. लोक बघायला येत आणि चपला काढून चालत. सगळं संपलं असं वाटलं तेव्हा कोंडवाड्यापाशी पट्टीखाली पाचर जरा जास्तच आत गेली. ओव्हरसियरांनी तेवढा भाग खणून काढायला सांगितला. रोलरवाल्याने डोक्याचं फडकं जमिनीवर फेकलं. "वरून पाहा न साहेब, कोनाले दिसून राह्यलं?" ओव्हरसियर काही म्हणायच्या आत पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून अध्यक्षांचा आवाज आला, "दिसत नाई. आडवं झाल्यावर समजते. खोद."

मोहाची फुलं वेचायचे दिवस आले. एका सकाळी गोंडपिपरीकडून एक गाडी येत असल्याचा निरोप आला. आठवा महिना लागलेली बाई, पायांवर सूज, कित्येक रात्री डोळ्याला डोळा नाही. मी खाट तयार करून फाटकात उभी राहिले. रस्ता इतका सरळ झाला होता की नाक्यावर वळलेली गाडी मला तिथूनच दिसली. बैल नेहमीच्या चालीने येत होते. नवरा गाडीला धरून चालत होता, आणि सारखा वाकून आत बघत होता. नाक्यावर उभे असलेले ओव्हरसियर लगबगीने त्याच्याजवळ गेले. मला लांबून ऐकू येत नव्हतं, पण त्याचा घाबरा चेहरा दिसत होता. "बोलून नाई राह्यली, साहेब," असं तो म्हणाला, हे आणि तिथलं पुढचं बोलणं मला नंतर कळलं.

ओव्हरसियरांनी गाडीत डोकावून पाहिलं. मग कान पुढे केला. मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला काहीतरी सांगितलं. तो माणूस चालता चालता थांबला, पुन्हा आत बघितलं, आणि दोन्ही हात आपल्या डोक्यावर ठेवून हसायला लागला. आवाज न करता.

त्याच वेळी घुग्घुसकडून कोळशाचा ट्रक धूळ उडवत नाक्यावर वळला. गाडी मधोमध चाललेली. ड्रायव्हरने हॉर्नवर हात नेला असेल-नसेल, तोच ओव्हरसियर दोन्ही हात पसरून ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. ब्रेक करकचले.

"काय झालं बे?" ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

ओव्हरसियरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बाई झोपल्या हायेत," ते म्हणाले.

ड्रायव्हरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पुढे चाललेल्या गाडीकडे. आणि ट्रकचं इंजिन बंद केलं.